‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वरील सैतानी आरोप : व्हर्जिनियातील एका प्रकरणाचा अभ्यास

९ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील मॉन्टपेलियर या छोट्या गावात सोळा वर्षांच्या एका मुलाने राहत्या घरी आपले आयुष्य संपवले. मुलगा हुशार होता. शाळेत विशेष बुद्धिमत्तेच्या मुलांसाठी जे वर्ग चालत, त्यांत तो होता आणि तेथेच तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा कल्पनारम्य खेळ खेळत असे. त्याच्या आई पॅट्रिशिया पुलिंग यांचे म्हणणे असे की, मुलगा या खेळात किती गुंतला होता हे आपल्याला त्याच्या मृत्यूनंतरच कळले. मृत्यूच्या काही तास आधी खेळात त्याला शाप देण्यात आला होता, असेही त्यांना समजले आणि त्या शापातच त्यांना मृत्यूचे कारण दिसले.

येथून सुरू झालेली मोहीम पुढे दहा-बारा वर्षे चालली. तिच्यातून न्यायालयीन दावे उभे राहिले, पोलिसांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाले, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाले, चर्चमधून पत्रके वाटली गेली आणि अखेरीस त्या खेळाच्या पुस्तकांतील मजकूरही बदलला. या प्रकरणाकडे धर्मभोळेपणाचा एक नमुना म्हणून पाहणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ते तसेच पाहिले आहे. मला ते अपुरे वाटते. एका आईने विचारलेला प्रश्न खरा होता. त्याला मिळालेले उत्तर चुकीचे होते, आणि ते इतके सोयीचे होते की त्या मुलाचे नेमके काय बिनसले होते, हा शोध तेथेच थांबला. या प्रकरणातील अल्पवयीन मुलांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यांच्या मरणानंतर ती नावे फार वापरली गेली आहेत.

खेळ नेमका काय होता

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. गायगॅक्स पूर्वी विमा व्यवसायात नोकरीला होते आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावात त्यांनी मित्रांबरोबर ‘टीएसआर’ नावाची छोटी कंपनी काढली होती. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती हातांनीच जुळवून पेट्यांत भरल्या गेल्या. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातील एक सूत्रधार होतो, ज्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात, आणि बाकीचे योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक, चोर अशी पात्रे घेतात. प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, चापल्य, सहनशक्ती आणि छाप हे सहा गुण फासे टाकून ठरतात आणि कागदावर लिहून ठेवले जातात. सूत्रधार सांगतो की, भुयार संपते तेथे ओकचे जाड दार आहे आणि आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो आहे. एक जण म्हणतो, ‘मी दाराला कान लावतो.’ दुसरा म्हणतो, ‘मी तलवार उपसून मागे उभा राहतो.’ फासा पडतो, सूत्रधार तक्ता पाहतो आणि पुढे काय झाले ते सांगतो. एवढ्यावर रात्री निघून जातात.

ज्या ‘जादू’विषयी पुढे इतका गहजब झाला, ती पुस्तकात कशी दिली आहे हे जवळून पाहिले पाहिजे. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात अग्निगोलाचा मंत्र आहे. त्याखाली म्हणायचे शब्द मात्र कोठेच नाहीत. तो किती अंतरावर पोहोचतो, किती जागा व्यापतो, जादूगाराच्या प्रत्येक पातळीमागे सहा बाजूंचा एक फासा याप्रमाणे किती इजा करतो, हे आकडे आहेत. आणि साहित्य म्हणून वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची चिमुकली गोळी सांगितली आहे. ती गोळीही कोणी जवळ बाळगत नाही. पात्राच्या पिशवीत ती आहे, असे धरून चालायचे असते.

या प्रकरणाच्या मुळाशी असलेला शापही त्याच पुस्तकात सापडतो. शाप काढण्याचा मंत्र उलटा वापरला की शाप लागतो, आणि तो कायमचा नसतो. देणाऱ्याच्या प्रत्येक पातळीमागे खेळातील एक ‘टर्न’, म्हणजे दहा मिनिटे, एवढाच तो टिकतो. पन्नास टक्के वेळा पात्राचा एखादा गुण तीनवर उतरतो. पंचवीस टक्के वेळा त्याच्या फाशांतून चार वजा होतात. उरलेल्या पंचवीस टक्के वेळा त्याच्या हातातली वस्तू गळून पडण्याची शक्यता निर्माण होते. शाळकरी मुलांच्या टेबलावर सूत्रधार आपल्या मनाने याहून भयंकर शापही रचू शकतो, हे खरे आहे. तरीही तो लागायचा पात्रालाच, आणि तो कागदावरच खोडताही येत असे.

मग एका बाहेरच्या माणसाला हे सारे भीषण का वाटावे? मला याचे कारण खेळातील प्रथमपुरुषी बोलण्यात दिसते. खेळाडू ‘माझे पात्र दार फोडते’ असे म्हणत नाही, तो ‘मी दार फोडतो’ असे म्हणतो. ‘मी त्याला मारले’, ‘मला शाप लागला’, ‘मी मेलो’ ही वाक्ये त्या टेबलावर क्षणोक्षणी उच्चारली जातात आणि त्यांतला ‘मी’ कोण, याविषयी टेबलावर कोणाचाही गोंधळ नसतो. कोकणात दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. संकासुर झालेला माणूस पहाटे तोंड धुऊन घरी जातो, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु दशावतार अख्ख्या गावासमोर होतो आणि हा खेळ बंद खोलीत, मोठ्यांच्या माघारी होत असे. ज्या आईने तो कधी पाहिलाच नव्हता आणि ज्या आईच्या हाती मुलाच्या माघारी त्याचे कागद आले, त्या आईने ‘शाप’ हा शब्द त्याच्या सरळ अर्थाने वाचला, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

तयार उत्तर आधीच हवेत होते

पुलिंग यांना खेळाचा संशय शून्यातून आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९७९ रोजी, मिशिगन स्टेट विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला होता. कोवळ्या वयात विद्यापीठात पोहोचलेला हा मुलगा एकाकी होता, अभ्यासाच्या अपेक्षांचे ओझे वाहत होता आणि अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. कुटुंबाने विल्यम डिअर नावाचे खाजगी गुप्तहेर नेमले. मुलाच्या खोलीत टाचण्या लावलेला एक फलक सापडला. विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेच्या नळांची लांबलचक भुयारे होती, आणि काही विद्यार्थी तेथे जाऊन हा खेळ प्रत्यक्षात खेळतात, अशी बोलवा होती. डिअर यांनी स्वतः एक डाव खेळून पाहिला आणि मुलगा खेळाच्या नादात भुयारात हरवला असावा, ही शक्यता वार्ताहरांसमोर मांडली. वृत्तपत्रांना दुसरे काय हवे होते? ज्या खेळाचे नावही बहुसंख्य अमेरिकनांनी ऐकले नव्हते, तो एका महिन्यात देशभर पोहोचला, आणि पोहोचला तो मुले गिळणारा खेळ म्हणून.

मुलगा १३ सप्टेंबर रोजी दूर दक्षिणेला, लुइझियानातील मॉर्गन सिटी येथे सापडला. भुयारात तो गेला होता, पण खेळायला नव्हे. जीव नकोसा झाल्यामुळे गेला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, सतराव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवले. खेळाचा या सगळ्याशी संबंध नव्हता, हे डिअर यांना मुलाशी बोलल्यावर कळले होते. परंतु मुलाला दिलेल्या शब्दामुळे ते गप्प राहिले आणि १९८४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ते सांगितले. दिलेला शब्द पाळला याबद्दल त्यांना दोष देणे मला जमत नाही, पण त्या मौनाची किंमत मोठी होती. मधल्या पाच वर्षांत या घटनेवरून सुचलेली कादंबरी आली, १९८२ च्या डिसेंबरात तिच्यावर दूरचित्रपट आला, आणि खेळामुळे भ्रमिष्ट होणारा विद्यार्थी ही प्रतिमा पक्की झाली. जून १९८२ मध्ये मॉन्टपेलियरमधील आईने आजूबाजूला पाहिले, तेव्हा ‘हा खेळ मुलांचा जीव घेतो’ हे उत्तर आधीच हवेत तरंगत होते.

श्रद्धेची बाजू

धार्मिक विरोधकांना मूर्ख ठरवून पुढे जाणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या भूमिकेला आतून एक तर्क होता. बायबलच्या ‘अनुवाद’ (ड्युटेरॉनॉमी) या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, शकुन पाहणे आणि मृतांना विचारणे यांना स्पष्ट मनाई आहे. खेळात मात्र जादूगार हे सन्मान्य पात्र होते, १९७७ च्या राक्षसकोशात नरकातील सैतानांची वर्णने होती आणि १९८० मध्ये निघालेल्या देवदेवतांच्या पुस्तकात निरनिराळ्या संस्कृतींचे देव त्यांच्या ताकदीच्या आकड्यांसह छापले होते. यापेक्षाही खोल जाणारा मुद्दा कल्पनेचा होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनातल्या मनात व्यभिचार केलाच आहे. हे वचन जो अक्षरशः मानतो, त्याच्या दृष्टीने मनात केलेला खून आणि मनात केलेले चेटूक हा निर्दोष विरंगुळा ठरूच शकत नाही. ‘हे सगळे खोटे-खोटे आहे’ हे खेळाडूंचे समर्थन त्यामुळे विरोधकांपर्यंत पोहोचतच नव्हते. दोन्ही बाजू ‘कल्पना’ हा एकच शब्द वापरत होत्या आणि त्याचे दोन वेगळे अर्थ धरत होत्या.

जागेचाही यात वाटा आहे. धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांचे चर्च व्हर्जिनियातील लिंचबर्गचे, आणि त्यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही धर्माच्या नावाने राजकारण करणारी संघटना १९७९ ची. पॅट रॉबर्टसन यांचे ख्रिस्ती दूरचित्रवाणी जाळेही व्हर्जिनियातूनच चाले. मुलांना घराबाहेरच्या जगापासून, विशेषतः सरकारी शाळेपासून, वाचवले पाहिजे ही भावना त्या काळी तेथील हवेत होती. हा खेळ तर शाळेतच शिरला होता. यूटा राज्यातील हीबर या गावात १९८० मध्येच पालकांच्या विरोधामुळे शाळेतील असा उपक्रम बंद झाला होता. त्यातच सैतानपूजकांचे गुप्त जाळे देशभर पसरले असून ते मुलांचा बळी देते, ही अफवा १९८० नंतर फोफावली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीवरचे आरोप १९८३ चे. तो खटला १९९० पर्यंत चालला आणि एकाही आरोपीवर गुन्हा सिद्ध झाला नाही.

तरीही श्रद्धा आणि खेळ यांचे वैर अटळ होते, असे म्हणता येत नाही. त्याच काळात टीएसआरसाठी सर्वाधिक लोकप्रिय साहसकथा रचणारे ट्रेसी हिकमन हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान अनुयायी होते, आणि खेळातून सदाचार कसा शिकवता येईल यावर ते मनापासून लिहीत होते. विरोधकांच्या पत्रकांत अशा माणसाला जागा नव्हती.

मोहीम

पुलिंग यांनी प्रथम मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांवर दावा लावला. शाळेत खेळताना दिल्या गेलेल्या शापामुळे मुलाचा मृत्यू झाला, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तो फेटाळला. खेळ काढणाऱ्या कंपनीविरुद्धही त्यांच्या हाती काही लागले नाही. १९८३ मध्ये त्यांनी ‘बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही संघटना काढली. तिच्या आद्याक्षरांतून ‘बॅड’, म्हणजे वाईट, असा शब्द तयार होई. खेळात चेटूक, खून, बलात्कार, आत्महत्या, सैतानपूजा अशा सगळ्या गोष्टी शिकवल्या जातात, असा संघटनेच्या पत्रकांचा दावा होता. १९८४ मध्ये जॅक चिक यांनी काढलेली चित्रपुस्तिका चर्चच्या दारांत वाटली जाऊ लागली. तिच्यात खेळातले पात्र मेले म्हणून एक मुलगी जीव देते आणि दुसरी पुस्तके जाळून उद्धार पावते.

१९८५ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या देशभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात पुलिंग आणि गायगॅक्स दोघेही दिसले. पुलिंग यांच्या बाजूने थॉमस रॅडेकी हे मनोविकारतज्ज्ञ बोलले. दूरचित्रवाणीवरील हिंसेविरुद्ध काम करणारी त्यांची संघटना या मोहिमेत सामील झाली होती. अशा कार्यक्रमाची घडणच अशी असते की, एका बाजूला शोकाकुल आई आणि दुसऱ्या बाजूला खेळ विकणारा माणूस बसला, की आकडेवारी ऐकण्याच्या मनःस्थितीत प्रेक्षक राहत नाही. गायगॅक्स यांना आईसमोर कोणते उत्तर शोभले असते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे, आणि मला ते सापडलेले नाही.

मोहिमेचा सर्वांत घातक भाग कॅमेऱ्यापासून दूर घडला. पुलिंग यांनी खाजगी गुप्तहेराचा परवाना घेतला आणि पोलिसांसमोर, शाळांसमोर, समुपदेशकांसमोर त्या सैतानी गुन्ह्यांच्या जाणकार म्हणून व्याख्याने देऊ लागल्या. संशयित किशोराला कोणते प्रश्न विचारावेत, याची पुस्तिका त्यांनी पोलिसांसाठी तयार केली. काळे कपडे, विशिष्ट संगीत, एकलकोंडेपणा आणि हा खेळ, अशा खुणांवरून मुलगा सैतानी पंथात आहे की काय, हे ओळखण्याचा प्रघात पडला. आता या खुणांकडे नीट पाहिले तर त्यांतला एकलकोंडेपणा हीच खरोखर काळजी करण्यासारखी गोष्ट होती. ती ओळखणाऱ्या अधिकाऱ्याने मुलाला ‘तुला कोणाशी बोलावेसे वाटते का’ असे विचारायला हवे होते. त्याला शिकवले गेले होते ते मात्र मुलगा कोणत्या देवतेचे पात्र घेतो, हे विचारायला.

तज्ज्ञतेचा हा डोलारा किती पोकळ होता, हे एका आकड्यावरून कळते. व्हर्जिनियातील रिचमंड परिसरातील आठ टक्के लोक सैतानपूजेशी संबंधित आहेत, असे पुलिंग यांनी एका वार्ताहराला सांगितले. हा आकडा कसा काढला, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की, किशोरवयीनांपैकी चार टक्के आणि प्रौढांपैकी चार टक्के, मिळून आठ. दोन्ही गटांत चार-चार टक्के असतील तर एकूण लोकसंख्येतही चारच टक्के होतात, हे दाखवून दिल्यावर त्यांनी आपला आकडा उलट कमीच धरलेला आहे, असे उत्तर दिले. हा प्रसंग खेळांचे रचनाकार आणि लेखक मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या अहवालात नोंदवला आहे. ती चूक पाचवीच्या मुलाला दिसावी अशी होती. अशा आकड्यांवर पोलिसांचे प्रशिक्षण चालले होते आणि वर्षानुवर्षे कोणा वरिष्ठाने पाटीवर ती बेरीज करून पाहिली नाही, हे मला पुलिंग यांच्या चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

पुराव्याची तपासणी

संघटनेकडे आत्महत्यांची आणि खुनांची यादी होती. मरणारा किंवा मारणारा हा खेळ खेळत असे, एवढेच त्या यादीत समान होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही, हे तर आपल्याकडे म्हणीतच आहे. पण येथे हिशेबही करता येतो. अमेरिकेत त्या काळी पंधरा ते चोवीस वयोगटात दर लाखामागे दरवर्षी साधारण बारा आत्महत्या होत. खेळाडूंची संख्या तीस लाख धरली, आणि कंपनी तेवढी किंवा त्याहून जास्त सांगत असे, तर खेळाचा काहीही परिणाम नसतानाही त्यांच्यांत दरवर्षी सुमारे ३६० आत्महत्या होतील असे गृहीत धरावे लागते. संघटनेने कित्येक वर्षे कात्रणे जमवूनही यादी या एका वर्षाच्या आकड्याच्या जवळपास पोहोचली नव्हती. यावरून खेळ मुलांना वाचवतो, असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण यादी अपुरी असणार हे उघड आहे. पण खेळ मारतो, हे तिच्यातून कोणत्याही मार्गाने निघत नाही.

खेळावर धोक्याची सूचना छापण्याची सक्ती करावी, या मागणीला केंद्रीय यंत्रणांनी दाद दिली नाही. आत्महत्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संघटनेला खेळ आणि आत्महत्या यांत कार्यकारणसंबंध आढळला नाही. खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांतूनही, खेळ जास्त खेळल्याने भावनिक स्थैर्य ढळते, असे दिसले नाही. १९९० मध्ये केंटकीतील दुसऱ्या एका आईचा कंपनीविरुद्धचा दावा अपील न्यायालयानेही अमान्य केला. १९९२ मध्ये एफबीआयचे अधिकारी केनेथ लॅनिंग यांनी आपल्या अहवालात लिहिले की, बळी देणाऱ्या संघटित सैतानी पंथांचा जो दावा केला जातो, त्याला पुष्टी देणारा पुरावा तपासांतून मिळालेला नाही. हे लॅनिंग सुरुवातीला अशा दाव्यांवर विश्वास ठेवायला तयार असलेले अधिकारी होते, म्हणून त्यांच्या निष्कर्षाचे वजन मला जास्त वाटते.

परिणाम

कंपनीच्या विक्रीला या गदारोळाने उलट चालना मिळाली. खेळ गावोगावी पोहोचला, याचे श्रेय काही अंशी त्याच्या विरोधकांना जाते. परंतु कंपनी नमलीही. १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीतून भुते आणि सैतान वगळण्यात आले, मारेकऱ्याचे पात्रही गेले. आणि पुढे तेच सैतान ‘बाटेझू’ आणि ‘तानारी’ अशा रचलेल्या नावांनी परत आले. मूळ नावे पुस्तकात पुन्हा यायला २००० साल उजाडले. या सगळ्या काटछाटीत आपल्याकडून गेलेले एक नाव मात्र कोणाच्या डोळ्यांवर आले नाही, हे मराठी वाचकाला सांगितले पाहिजे. १९७७ च्या कोशात ‘राक्षस’ याच नावाचा, भारतातून आलेला असे स्पष्ट म्हटलेला प्राणी आहे. चित्रात त्याला वाघाचे डोके आहे, तो आरामात बसून चिलमीसारखा पाइप ओढतो आहे आणि आशीर्वादित बाणाने तो मरतो. रामायण ऐकत वाढलेल्या माणसाला हा राक्षस अनोळखी वाटेल. पण पत्रके काढणाऱ्यांना त्याच्यात धोका दिसला नाही, कारण त्यांचे भय सगळ्या अलौकिकाचे नव्हते, त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रंथातील सैतानाचे होते.

खेळणाऱ्या मुलांवर काय परिणाम झाला, हे कोणत्याही अहवालात पुरते उतरलेले नाही. पुस्तके जाळली गेली, शाळांतील मंडळे बंद झाली आणि मुले लपून खेळू लागली. भिडस्त, शब्दवेड्या, मैदानावर न रमणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा चार जणांबरोबर बसायची जी जागा मिळाली होती, ती संशयास्पद ठरली. ज्या मुलाला एकटेपणाचा खरा धोका होता, त्याच्याकडून मित्रांचे टेबल काढून घेण्याचा हा उपाय होता, आणि तो उपाय करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे त्या मुलांवर प्रेम होते. साप साप म्हणून भुई धोपटली, असे आपण म्हणतो. येथे ज्या भुईवर काठ्या पडल्या, तिच्यावर ही मुले बसलेली होती.

पुलिंग यांची संघटना नव्वदच्या दशकात हळूहळू निष्प्रभ झाली. त्या स्वतः १९९७ मध्ये वारल्या. टीएसआर ही कंपनीही त्याच वर्षी विकली गेली. त्यांच्यावर टीका करणारे लेखन पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे योग्य आहे, कारण त्यांनी खोट्या माहितीवर इतरांची मुले संशयाच्या घेऱ्यात आणली. पण एक गोष्ट मला सोडवत नाही. जून १९८२ पासून त्या जे विचारत होत्या, ते ‘माझा मुलगा असे का वागला’ हेच होते, आणि त्या प्रश्नाजवळ बसायला कोणी आले नाही. शाळेने वकिलाकरवी उत्तर दिले, दूरचित्रवाणीने खुर्ची दिली, चर्चने सैतान दिला आणि पोलिसांनी व्यासपीठ दिले. खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी खेळ निर्दोष असल्याचे सिद्ध केले आणि ते तेथे थांबले. खेळ नव्हता तर काय होते, हे शोधण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

त्याचे थोडेसे उत्तर त्या काळच्या एका वृत्तान्तात आहे. दावा न्यायालयात होता त्याच सुमारास एका वृत्तपत्राने मुलाच्या वर्गातील मुलांशी बोलून लिहिले होते की, त्याला इतरांत मिसळणे जड जात असे आणि खेळाशी संबंध नसलेल्या अडचणी त्याला पुष्कळ होत्या. त्याने एकदा वर्गातल्या फळ्यावर ‘आयुष्य हा एक विनोद आहे’ अशा अर्थाचे वाक्य लिहून ठेवले होते. शाळेच्या निवडणुकीला तो उभा राहणार होता. त्यासाठी आपला प्रचार सांभाळणारा एक जण उमेदवाराला लागत असे. त्याला तसा एकही मित्र मिळाला नाही, आणि त्याने नाव मागे घेतले.